फ्रेंचचा ‘त्रेझॉर’ नऊ महिने वापरल्यावर : एका चोचीच्या निमित्ताने

मी फ्रेंचमधून मराठीत आणि इंग्रजीत भाषांतरं करते. पुस्तकं कमी, कागदपत्रं जास्त: भांड्यांचे कॅटलॉग, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मधूनच एखादा दवाखान्याचा रिपोर्ट. गेले नऊ महिने माझ्या संगणकावर ‘त्रेझॉर द ला लांग फ्राँसेज’ हा कोश सकाळी उघडतो तो रात्रीच बंद होतो. फ्रेंच शिकणारी बरीच मंडळी विचारतात, की एवढा जाडजूड कोश हवाच कशाला, मोबाइलवरचं भाषांतर पुरत नाही का. त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे. सगळा कोश सांगत बसत नाही, एकच शब्द घेते: ‘बेक’, म्हणजे पक्ष्याची चोच. या शब्दाने मला सुरुवातीला फार छळलं आणि कोश कसा वापरायचा तेही त्यानेच शिकवलं.

आधी थोडी ओळख. हा कोश नाँसी शहरात तयार झाला. छापील खंड १६, पहिला १९७१चा आणि शेवटचा १९९४चा. त्यात सुमारे १ लाख शब्द आहेत, त्यांचे २,७०,००० अर्थ आणि ४,३०,००० उदाहरणं. आता तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला आहे. नोंदणी नाही, वर्गणी नाही. एवढं काम असं हातात ठेवून दिलेलं पाहिलं की मला आजही भरून येतं.

माझं दुखणं सुरू झालं ते एका किटलीपासून. कॅटलॉगमध्ये ‘बेक व्हेर्सर’ असं लिहिलेलं होतं. माझ्याकडच्या खिशातल्या फ्रेंच-इंग्रजी कोशात (नाव देत नाही) बेकपुढे दोनच शब्द: बीक, बिल. मी पहिल्या खर्ड्यात सरळ ‘ओतायची चोच’ लिहून मोकळी झाले. काम परत आलं, शेजारी लाल शेरा: ‘तोटी’. बरोबरच होतं. किटलीला आपण तोटीच म्हणतो. पण त्याच आठवड्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेच्या साहित्याची यादी आली, तिच्यात ‘बेक बुन्सेन’. म्हणजे बुन्सेन बर्नर. आता चोचीतून चहा ओतला जातो हे समजू शकतं, पण चोच जळते कशी?

त्या रात्री पहिल्यांदा त्रेझॉरमधली बेकची नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. अर्थ एकाखाली एक नुसते रचलेले नाहीत. पक्ष्याची चोच आधी. मग माणसाचं तोंड, बोलणं, खाणं. मग ‘साधर्म्याने’ अशी खूण करून चोचीसारखी टोकदार, पुढे आलेली प्रत्येक वस्तू. त्या रांगेत मला दिव्याचा बेक सापडला. जुन्या तेलाच्या दिव्याला जिथून वात बाहेर येते तो पुढे काढलेला भाग, तो बेक. वाचता वाचता माझा हात थांबला. दिवाळीत पणत्या घासताना आजी म्हणायची, चोच नीट पूस, तिथे तेल साचतं. कुंभार ओल्या मातीचा काठ चिमटीत धरून दाबतो आणि पणतीला चोच काढतो. वात तिथेच टेकते, ज्योत तिथेच लागते. फ्रान्समध्ये दिव्यात तेलाच्या जागी गॅस आला, पण ज्योत निघते त्या जागेचं नाव तेच राहिलं. म्हणून रस्त्यावरचा गॅसचा दिवा ‘बेक द गाझ’ आणि प्रयोगशाळेतला बर्नर ‘बेक बुन्सेन’. मला हे कुणी समजावून सांगितलं असतं तर इतकं पटलं नसतं. पणती माझ्या घरातली होती.

त्या यादीतली पुढचीच वस्तू ‘बेशेर’, म्हणजे बीकर. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला चंचुपात्र म्हणतात आणि तो शब्द मला शाळेपासून आवडतो, कारण काठाला खरोखरच चोच असते. मी खुशीत ठरवून टाकलं की बीकर बीकवरून आला आणि बेशेर बेकवरून. दोन्ही चूक. इंग्रजी बीकर जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या ‘बिकार’वरून आला आणि फ्रेंच बेशेर जर्मन ‘बेखर’वरून. चोचीशी दोघांचंही नातं नाही, ती फक्त आपल्या मराठी शब्दाला दिसली. व्युत्पत्तीचा भाग वाचायची सवय मला इथून लागली. आता कानाला सारखे वाटणारे दोन शब्द मी तपासल्याशिवाय जोडत नाही. दुकानदार देतो ते बिलही असंच: ते लॅटिन ‘बुल्ला’वरून, म्हणजे कागदावर उठवायच्या शिक्क्यावरून आलं. पक्ष्याचं ‘बिल’ जुन्या इंग्रजीतलं ‘बिले’. उच्चार एक, घराणी दोन.

इंग्रजीसाठी मी ग्रंथालयात जाऊन ऑक्सफर्डचा मोठा कोश बघते, १९८९ची २० खंडांची आवृत्ती. दोन्ही कोश शेजारी ठेवून वाचले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. इंग्रजीकडे चोचीला ‘बिल’ हा घरचा शब्द आधीच होता. फ्रान्सहून नॉर्मन लोक इंग्लंड जिंकून तिथे आल्यानंतर फ्रेंच ‘बेक’ तिकडे गेला आणि ‘बीक’ झाला. एका वस्तूला दोन शब्द झाले. पूर्वी शिकारी पक्ष्याच्या वाकड्या, मजबूत चोचीला बीक आणि बदकाच्या चोचीला बिल असा भेद करायचे. आज पक्षिशास्त्रात दोन्ही चालतात. आणखी एक जुना शब्द होता, ‘नेब’, त्याचाही अर्थ चोच. त्याचं दुसरं रूप ‘निब’. शाईच्या पेनाची निब! फ्रेंचमध्येही लेखणीच्या टोकाला ‘बेक’ म्हणतात. शाळेत दौतीशेजारी वाकडी झालेली निब दाताने सरळ करताना आपण चोच सरळ करतोय हे कुणाच्या ध्यानीमनी असणार?

बेकचा माग काढत मागे गेलं की लॅटिन ‘बेक्कुस’ लागतो आणि तो मुळात गॉल लोकांचा, म्हणजे रोमनांच्या आधीपासून आजच्या फ्रान्समध्ये राहणाऱ्यांचा. हे कशावरून, तर रोमन चरित्रकार सुएटोनियसने विटेलियस सम्राटाच्या चरित्रात लिहून ठेवलंय. विटेलियसच्या सैन्याला हरवणारा सेनापती अंतोनियुस प्रिमुस तुलूझचा. लहानपणी त्याचं टोपणनाव ‘बेक्कुस’ होतं आणि त्याचा अर्थ कोंबड्याची चोच, असं सुएटोनियस सांगतो. एका पोराच्या टोपणनावामुळे गॉल लोकांचा हा शब्द नोंदला गेला, हे मला विलक्षण वाटतं. खुद्द रोमनांचा चोचीसाठीचा शब्द वेगळा, ‘रोस्त्रुम’. जहाजाच्या नाकाडावरच्या धडक मारायच्या टोकालाही तोच शब्द. इसवी सन पूर्व ३३८ मध्ये अँटियम या शत्रूच्या बंदराची जहाजं जिंकल्यावर रोमनांनी ती टोकं काढून चौकातल्या भाषणाच्या ओट्यावर ठोकली. ओट्याचं नाव पडलं ‘रोस्त्रा’, आणि म्हणून इंग्रजीत वक्त्याच्या चौथऱ्याला आजही रोस्ट्रम म्हणतात.

बोलीतल्या बेकने मात्र माझी खरी परीक्षा घेतली. ‘प्रीझ द बेक’ म्हणजे बाचाबाची, ‘क्लुए ल बेक’ म्हणजे बोलती बंद करणे, ‘फँ बेक’ म्हणजे खाण्यातला दर्दी, ‘ब्लाँ-बेक’ म्हणजे मिसरूड न फुटलेला पोरगा. यात चोच हा शब्द मराठीत एकदाही आणता येत नाही. आपल्याकडेही चोच आहे, पण ती दुसरीकडे: कुणाच्या कामात चोच खुपसायची, एखाद्या विषयात चंचुप्रवेश करायचा. मी आता अशा प्रत्येक प्रयोगापुढे स्वतःला विचारते, की इथे चोच काय करते आहे? टोक पुढे काढते, ओतते, बोलते की खाते? एवढं ठरलं की मराठी शब्द आपोआप जवळ येतो. गारोन आणि दोर्दोन्य नद्या जिथे मिळून जिरोंद होते तिथली जमिनीची चिंचोळी जीभ म्हणजे ‘बेक दांबेस’. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘पोर्टलंड बिल’ नावाचं भूशिर आहे. दोन्हीकडे चोच फक्त पुढे येते.

पक्ष्यांची नावं भाषांतरित करणाऱ्यांना एक सांगते: दोन भाषा एकाच चोचीकडे पाहतीलच असं नाही. शूबिल हा फ्रेंचमध्ये ‘बेक-आँ-साबो’, म्हणजे लाकडी जोड्यासारखी चोच, इथे जमलं. आपल्या पाणचिऱ्याला इंग्रजीत स्किमर म्हणतात, तर फ्रेंचमध्ये ‘बेक-आँ-सिझो’, कात्रीची चोच. भिगवणला दिसणारा चमचा इंग्रजीत स्पूनबिल, पण फ्रेंचमध्ये नुसता ‘स्पातुल’. बिल दिसलं की बेक लावायचा, हा नियम करू नका. उलट ‘ग्रोसबीक’ हे इंग्रजी नाव थेट फ्रेंच ‘ग्रो-बेक’, जाड चोच.

आता अडचणी. पान दिसायला दाट आहे, संक्षेप फार, पहिले दोन महिने मी संक्षेपांची यादी भिंतीला चिकटवली होती. फ्रेंच बऱ्यापैकी येत नसेल तर हा कोश उघडून उपयोग नाही, कारण सगळं फ्रेंचमध्येच आहे. आणि शेवटचा खंड १९९४चा, त्यामुळे आज कुठला शब्द शिष्टसंमत आहे ते दुसरीकडे पाहावं लागतं. ‘बेक-द-लिएव्र’ म्हणजे शब्दशः सशाची चोच. दुभंगलेल्या ओठाला हा शब्द पूर्वी सर्रास वापरायचे. आता डॉक्टर ‘फांत लाबियाल’ म्हणतात आणि मीही तेच वापरते. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये बेक म्हणजे पापा, तिथल्या पत्राच्या शेवटी तो प्रेमाने येतो. अशा वेळी मी त्या त्या भागातल्या माणसांना विचारून खात्री करून घेते.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. ती फ्रान्समध्ये लिऑनला लेकीकडे गेली असताना कंबर धरली होती, तिकडेच एक्स-रे काढला होता, आणि रिपोर्टात ‘बेक-द-पेरोके’ लिहिलं होतं. मोबाइलने भाषांतर दिलं ‘पोपटाची चोच’, आणि बिचारी दोन रात्री झोपली नव्हती. मी तिला सांगितलं, मावशी, मणक्याच्या कडेला हाड थोडं वाढलंय, वाकून टोक आलंय, आपल्या वयाच्या पुष्कळ माणसांना होतं. इकडे आलीस की डॉक्टरांना दाखवू. ती आल्यावर आम्ही दोघींनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. तिने चश्मा लावला, त्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “अगं, खरंच की! राघूच बसलाय.”