हरित शैवालापासून नेच्यापर्यंत : २५ काचपट्ट्यांच्या एका संचाचे परीक्षण

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी लागणाऱ्या तयार काचपट्ट्या अनेक महाविद्यालये हरियाणातील अंबाल्याहून मागवतात. तेथील एका उत्पादकाने हरित शैवालापासून नेच्यापर्यंतचा प्रवास दाखवणारा २५ काचपट्ट्यांचा संच काढला आहे. तो आमच्या विभागाने यंदा पदवीच्या पहिल्या वर्षासाठी घेतला आणि पूर्ण सत्रभर वापरला. पाण्यातील शैवालांपासून जमिनीवरच्या वनस्पती कशा घडल्या, हे विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शीखाली क्रमाने पाहता यावे, असा या संचाचा हेतू आहे. माझे मत आधीच नोंदवतो. काचपट्ट्या चांगल्या आहेत, काही तर फारच सुंदर आहेत. मात्र त्या ज्या क्रमाने लावल्या आहेत आणि सोबतच्या माहितीपत्रकात त्यांचा जो अर्थ सांगितला आहे, तो निदान दोन पिढ्या जुना आहे.

छेद पातळ व एकसारखे आहेत, सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनचे रंग स्वच्छ उतरले आहेत आणि आच्छादक काचेखाली हवेचे बुडबुडे जवळजवळ नाहीत. सिलॅजिनेलाची एक काचपट्टी तडकलेली निघाली, ती विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिली. लाकडी पेटीच्या खाचांना क्रमांक आहेत आणि काचपट्ट्यांवरील नावे सुवाच्य आहेत.

क्रमाची अडचण पहिल्याच खणात सुरू होते. क्लॅमिडोमोनास, व्हॉल्व्हॉक्स, युलोथ्रिक्स, उल्वा, स्पायरोगायरा, कारा ही शैवाले आणि त्यानंतर थेट रिक्सिया ही जमिनीवरची वनस्पती अशी मांडणी असून, एकपेशीय जीवाची वसाहत झाली, वसाहतीचा तंतू झाला, तंतूचे पान झाले आणि त्यातून जमिनीवरची वनस्पती निघाली, असे माहितीपत्रक सुचवते. प्रत्यक्षात हरित शैवालांच्या दोन मोठ्या शाखा फार प्राचीन काळीच वेगळ्या झाल्या. क्लॅमिडोमोनास, व्हॉल्व्हॉक्स, युलोथ्रिक्स आणि उल्वा हे चौघेही क्लोरोफायटा शाखेचे आहेत आणि तेथील बहुपेशीयत्व स्वतंत्रपणे उदयाला आलेले आहे. भूवनस्पती दुसऱ्या, म्हणजे स्ट्रेप्टोफायटा शाखेतून आल्या आणि त्या शाखेचे या संचात दोनच प्रतिनिधी आहेत, स्पायरोगायरा आणि कारा. व्हॉल्व्हॉक्सची काचपट्टी देखणी आहे, पण ती या वाटेवरचा मुक्काम नाही, हे शिक्षकाने स्पष्ट सांगितले नाही तर विद्यार्थी चुकीची वंशावळ घेऊन घरी जातो.

स्पायरोगायराच्या संयुग्मनाची, म्हणजे दोन तंतूंतील पेशींच्या मीलनाची, काचपट्टी मात्र संचातील सर्वांत बोलकी आहे. दोन तंतू शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या नलिका, एका तंतूतील पेशी रिकाम्या आणि समोरच्या तंतूतील प्रत्येक पेशीत जाड भिंतीचा गडद युग्मनज (मीलनातून बनलेली पेशी), हे सर्व एकाच दृष्टिक्षेपात दिसते. एका ठिकाणी तर पेशीतील द्रव्य नलिकेतून पलीकडे सरकत असतानाच स्थिर झालेले आहे. डबक्यातले साधे शेवाळ म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, त्या स्पायरोगायराचा गटच आज भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा आप्त मानला जातो. पूर्वी तो मान काराला किंवा कोलिओकीटी या दुसऱ्या शैवालाला दिला जाई. पण २०१४ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेकडो जनुकांची तुलना करणाऱ्या विस्तृत अभ्यासांनी कौल या संयुग्मनी शैवालांच्या बाजूने दिला. २०१९ मध्येच याच गटातील, ओलसर जमिनीवर वाढणाऱ्या दोन शैवालांचे जनुकसंच वाचले गेले आणि कोरडेपणा सहन करण्याशी निगडित असलेली काही जनुके मातीतील जिवाणूंकडून या वंशात आली असावीत, असे त्यावरून दिसले. याचा अर्थ स्पायरोगायरा भूवनस्पतींचा पूर्वज आहे असा नव्हे. दोघांचा पूर्वज एक होता आणि त्यानंतर या गटाने शरीररचनेतील बरीच गुंतागुंत, कशाभिकायुक्त (शेपटीसारख्या धाग्याने पोहणाऱ्या) शुक्रपेशींसह, सोडून दिली. गुंतागुंत वाढतच जाते ही समजूत दूर करण्यासाठी मला तरी याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही. माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नाही.

काराच्या काचपट्टीत स्त्रीजननांगावर पाच पेशींचे सर्पिल वेढे आणि माथ्यावर पाच छोट्या पेशींचा मुकुट इतका नेमका दिसतो की विद्यार्थी तो आपोआप वहीत काढू लागतात. खालचे गोल पुंजननांग जिवंतपणी नारिंगी असते, तो रंग अर्थातच येथे टिकलेला नाही. टोकाकडून होणारी वाढ आणि पेशीविभाजनात नवी भिंत घालण्याची पद्धत या बाबतीत कारा भूवनस्पतींच्या बरीच जवळ जाते. येथे उणीव जाणवते ती कोलिओकीटीची. पाणवनस्पतींच्या बुडालेल्या पानांवर चकतीसारखे वाढणारे हे शैवाल आपला युग्मनज पाण्यात सोडून न देता अंगावरच ठेवते आणि शेजारच्या पेशी त्याला वेढून घेतात. या युग्मनजाचे पहिलेच विभाजन अर्धगुणसूत्री, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे, असते. भूवनस्पतींमध्ये ते विभाजन लांबणीवर पडले, युग्मनज आधी साध्या विभाजनाने वाढला, मातेच्या उतींतून त्याला अन्न मिळाले आणि भ्रूण तयार झाला. एका युग्मनजापासून मोजके बीजाणू मिळण्याऐवजी हजारो मिळू लागले. हा या साऱ्या कथेचा गाभा आहे आणि नेमकी त्याच जागी पेटीत एक काचपट्टी कमी आहे.

रिक्सियाच्या उभ्या छेदात हिरव्या पेशींचे खांब, त्यांच्यामधील अरुंद हवेच्या वाटा आणि आत बुडालेली बीजाणूंची गोल पिशवी स्पष्ट आहे. ‘सर्वांत साधी, म्हणून सर्वांत आदिम’ असे तिच्याविषयी छापले आहे. लाहोरचे वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप यांनी हिमालयातील लिव्हरवर्टांचा (रिक्सिया ज्यात मोडते त्या गटाचा) अभ्यास करून या गटात ऱ्हासातून साधेपणा आला असल्याचे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते आणि रिक्सियाच्या बाबतीत आजचा जनुकीय पुरावा त्याच दिशेने जातो. भारतात तयार होणाऱ्या संचात तरी त्यांचे नाव यायला हवे होते.

अँथॉसिरॉस या शिंगासारखी बीजाणुधानी असणाऱ्या छोट्या भूवनस्पतीचा छेद मी प्रत्येक तुकडीला थांबून दाखवतो. बीजाणुधानीच्या मधोमध स्तंभिका (बारीक खांब), भोवती खालून वर पक्व होत गेलेले बीजाणू आणि तळाशी सतत वाढणारा पट्टा असतो. त्यामुळे एकाच काचपट्टीत बीजाणूंच्या सर्व अवस्था ओळीने पाहता येतात. बाहेरच्या थरात पर्णरंध्रे आहेत. थॅलसच्या, म्हणजे चपट्या वनस्पतिदेहाच्या, पोकळ्यांत नॉस्टॉक या नील-हरित जिवाणूच्या माळा दिसतात आणि पेशीतील हरितलवकात शैवालांची आठवण करून देणारा पायरेनॉइड हा प्रथिनकणही असतो, तो मात्र या रंगात नीट ओळखू येत नाही. त्यासाठी ताजा नमुनाच घ्यावा. पावसाळ्यात सह्याद्रीतील ओल्या दरडींवर अँथॉसिरॉसचे आप्त सहज सापडतात आणि स्पायरोगायरा तर कुठल्याही साचलेल्या पाण्यात मिळते.

फ्युनारिया, मर्केंशिया, लायकोपोडियम आणि टेरिस यांच्या काचपट्ट्या नेहमीच्या दर्जाच्या आहेत. जीवाश्मांची बाजू मात्र पूर्ण कोरी आहे. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे भूवनस्पतींचे बीजाणू, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीची कुकसोनिया ही आद्य भूवनस्पती आणि स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीचा गारगोटीसारखा खडक, यांची छायाचित्रे एका कार्डावर सहज मावली असती. विल्यम मॅकी या डॉक्टरांना १९१२ मध्ये सापडलेल्या त्या खडकाच्या पातळ कापांत वनस्पतींच्या पेशी आणि पेशींमध्ये शिरलेली बुरशीसुद्धा टिकून आहे. जमिनीत मुळे नसताना या वनस्पती तगल्या कशा, याचे उत्तर त्या बुरशीत आहे आणि संच वापरणाऱ्या प्रत्येक वर्गात तो प्रश्न निघतोच.

किमतीच्या मानाने संच घेण्याजोगा आहे, विशेषतः ज्या महाविद्यालयांकडे पातळ छेद घेण्याचे यंत्र नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. माहितीपत्रक मात्र विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. आम्ही क्लॅमिडोमोनास, व्हॉल्व्हॉक्स, युलोथ्रिक्स आणि उल्वा पेटीच्या शेवटच्या खणात ‘दुसरी शाखा’ अशी चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत, कारा आरंभी आणली आहे, स्पायरोगायरा रिक्सियाच्या शेजारी ठेवली आहे आणि कारा व स्पायरोगायरा यांच्या मधली एक खाच कोलिओकीटीच्या सुट्या काचपट्टीसाठी रिकामी राखली आहे. तिची मागणी विक्रेत्याकडे नोंदवली आहे.