एक्स्प्रेस वेवरची 100–60 ची मर्यादा: आकडे बरोबर, अंमलबजावणी अर्धी

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर आपण टोल भरून जातो. त्यामुळे तिथली वेगमर्यादाही त्या सेवेचाच भाग म्हणून तपासायला हवी. कारला सपाटीवर ताशी 100 किमी, बोरघाटात 60. घाटात आधी 50 होती. आमच्या मते दोन्ही आकडे रास्त आहेत. तक्रार आहे ती ते राबवण्याच्या पद्धतीबद्दल.

रस्ता मोकळा, गाडी दणकट, मग 120 ने काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, असं धरू. 100 वर त्या दीड सेकंदातच गाडी 42 मीटर पुढे जाते, ब्रेक लागल्यावर आणखी 55 मीटर, म्हणजे साधारण 97 मीटरवर थांबते. 120 वरची तशीच गाडी त्याच 97 मीटरच्या खुणेवर येते तेव्हा तिचा वेग अजून 75 च्या वर असतो. पुढे लेनमध्ये बंद पडलेला ट्रेलर असेल तर पहिली गाडी वाचते, दुसरी 75 ने आदळते. समृद्धीवर कारला 120 चालतात हे खरं, पण तिथली वर्दळ विरळ आहे. इथे बाजूच्या लेनमध्ये ट्रकांची रांग असते आणि त्यातला एखादा केव्हाही लेन बदलतो.

घाटातले 60 अनेकांना जाचक वाटतात. दहा किलोमीटरचा घाट धरला तर 60 ने दहा मिनिटं लागतात, 80 ने साडेसात. अडीच मिनिटांसाठी उतारावरच्या वळणात गाडी घसरवण्यात शहाणपण नाही. पुण्याहून मुंबईकडे उतरताना खरी भीती अवजड वाहनांची असते. डिझेल वाचवायला काही चालक न्यूट्रलवर उतरतात. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. अवजड वाहनांना कारपेक्षा कमी मर्यादा आहे ती त्यासाठीच, पण गिअर कोणता आहे ते कॅमेऱ्याला दिसत नाही. उतार सुरू होण्याआधी ट्रक थांबवून ब्रेक तपासायची सक्ती हवी.

जुलै 2024 पासून सुरू झालेल्या कॅमेरा यंत्रणेतली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे सरासरी वेगाची मोजणी. समजा कॅमेरे बसवलेल्या रस्त्यावरच्या दोन कमानींत 20 किमी अंतर आहे. 100 च्या मर्यादेत ते कापायला किमान 12 मिनिटं लागायलाच हवीत. 10 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 झाली. त्यामुळे कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून काही साधत नाही, उलट मागचा आदळायची शक्यता वाढते. तरी लोक तो मारतातच, कारण तिथे सरासरी मोजली जाते हे फलकांवर ठळक लिहिलेलं नाही. 100 वरून 60 वर येतानाही मध्ये 80 ची पायरी आणि तिची आगाऊ सूचना हवी.

गाडीतल्या बीपवर विसंबू नका. जुलै 2019 नंतरच्या गाड्यांत ती 80 ला अधूनमधून आणि 120 ला सलग वाजते. 100 आणि 60 ला काहीच सांगत नाही. मेन्यूत स्वतःची मर्यादा लावायची सोय असेल तर ती लावा. सपाटीवर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, उत्तम, घाटात आणि पावसात बंद. उतारावर तिसरा गिअर ठेवा. काट्यावर 100 दिसतात तेव्हा खरा वेग बहुधा दोन-चार किमी कमीच असतो, कारण स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम आहे आणि कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात.

दंडाबाबत मात्र पद्धत न्याय्य वाटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये हलक्या वाहनांना 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे, पण मर्यादा किती ओलांडली यानुसार पायऱ्या नाहीत. 108 वाला आणि 150 वाला एकाच कलमात बसतात. चलन आलं तर लगेच भरून टाकू नका. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडी क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून फोटो उघडा. नंबरप्लेट, गाडीचा रंग, ठिकाण आणि वेळ जुळवा. प्लेटवरचा एखादा अंक चुकीचा वाचला गेला असेल तर तिथूनच तक्रार करा, फास्टॅगची त्या दिवसाची नोंद सोबत ठेवा.