एपीआय २०ई पट्टी: माशांच्या जिवाणूंसाठी किती भरवशाची?

वीस छोट्या नळ्या, प्रत्येकीत एका चाचणीचं सुकवलेलं द्रव्य. आजारी माशातून वाढवलेला ग्राम निगेटिव्ह (ग्राम स्टेन या रंगचाचणीत गुलाबी दिसणारा) जिवाणू कोणता, हे ही पट्टी सात आकड्यांत सांगते. रसायनं चोख आहेत. आकड्यांवरून नाव शोधायची सोबतची यादी मात्र माणसांच्या नमुन्यांवर बेतलेली आहे, आणि माशांच्या कामात घोळ होतो तो तिथेच.

नमुना मरणासन्न किंवा नुकत्याच मेलेल्या माशाच्या मूत्रपिंडाचाच घ्या. मासा शिळा झाला की आतड्यातले एरोमोनास जिवाणू अंगभर पसरतात. मग पट्टी नाव बरोबर सांगते, पण ते रोगाचं नसतं. टीएसए या वाढमाध्यमावर २५ ते २८ अंशांना वाढवून एकच कॉलनी पुन्हा शुद्ध करा. ग्राम स्टेन आणि ऑक्सिडेज (या एन्झाइमची रंगचाचणी) पट्टीआधी उरका. ऑक्सिडेजला कॉलनी उचलायला नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा लूप नको, तारेतल्या लोहाने खोटा जांभळा रंग येतो. प्लास्टिकचा घ्या.

कॉलनी ५ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये एकजीव करून नळ्यांत भरा; प्रत्येक नळीवर तिच्या चाचणीचं लघुनाव असतं. सीआयटी, व्हीपी, जीईएल यांची नळी आणि वरचा कप दोन्ही भरायचे. एडीएच, एलडीसी, ओडीसी, एचटूएस, यूआरई यांच्या नळ्या भरून वर मिनरल ऑइल. पट्टी जरा तिरकी धरून पिपेटचं टोक कपाच्या कडेला टेकवा, नाहीतर बुडबुडा अडकतो. पत्रकात ३६ अंश आणि १८ ते २४ तास आहेत; माशांच्या बऱ्याच जिवाणूंना ते मानवत नाही. २५ ते २८ अंशांना ४८ तास द्या. इंडोलची चाचणी सर्वांत शेवटी, कारण त्यातून सुटणारा वायू बाकीच्या नळ्यांचं वाचन बिघडवतो.

आता आकडे. वीस नळ्या आणि ऑक्सिडेज मिळून तीन-तीन चाचण्यांचे सात गट, पॉझिटिव्हला अनुक्रमे १, २, ४ गुण. गटातल्या गुणांची बेरीज म्हणजे कोडचा एक आकडा. एडवर्डसिएला टार्डा या जिवाणूचा ठरलेला कोड ४५४४०००: दुसऱ्या आकड्यातला ५ म्हणजे ओडीसीचा १ आणि काळ्या पडलेल्या एचटूएसचे ४, तिसऱ्यातला ४ इंडोलचा. मांगूरवर्गीय माशांना मारणाऱ्या एडवर्डसिएला इक्टालुरीत हे तिन्ही गायब, म्हणून कोड ४००४०००. हा कोड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, यादीच्या भरवशावर राहू नका. येर्सिनिया रुकेरी या माशांच्या जिवाणूला तर यादी हाफनिया अल्वेई हा दुसराच जिवाणू म्हणते. आणि २०१३ मध्ये वेगळी केलेली एडवर्डसिएला पिसिसिडा इथे टार्डाच वाटते. तिच्यासाठी पीसीआर ही डीएनए चाचणी लागते.

स्ट्रेप्टोकोकस ग्राम पॉझिटिव्ह, त्याच्यावर ही पट्टी वाया घालवू नका. कॉलम्नारिस या माशांच्या रोगाचा संशय असेल तरीही नको. त्याचा जिवाणू टीएसएवर नीट येत नाही. कल्ल्याचा खरवडा पाण्याच्या थेंबात स्लाइडवर घेऊन ४०० पटीत पाहा. लांब, बारीक, सरपटणाऱ्या काड्या गवताच्या गंजीसारख्या रचलेल्या दिसल्या, की निदान दहा मिनिटांत हाती येतं.