कंबर जुनी, कंपनी नवी: दावा कुणावर लावायचा?

पहिल्या कंपनीत कंबर धरली, दुसऱ्या कंपनीत पुन्हा उसळली आणि एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली) गादी सरकलेली निघाली, की भरपाई मागताना दोन्हीकडून ठरलेली उत्तरं येतात. जुनी म्हणते, ‘आमच्याकडून धडधाकट गेला.’ नवी म्हणते, ‘दुखणं घेऊनच आला.’ मी यातून गेलोय आणि दावा नव्या कंपनीवर लावला. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही. तुमचे कागद वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर हा पेच तुमच्यापुरता बराचसा सुटलेला आहे. विमा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, पैसे महामंडळ देतं आणि मालकावर वेगळा दावा लावायला कायद्याचीच मनाई आहे. माझा पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेवर गेला होता, म्हणून मला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि कामगार न्यायालय हाच रस्ता होता. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यानंतरचा अपघात असेल तर कलमं वकिलाकडून नव्याने तपासून घ्या.)

जुन्या कंपनीवर दावा लावण्यात फायदे नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा म्हणजे चालू नोकरीत कुणाशी वाकडं येत नाही. थकलेल्या भरपाईवर १२ टक्के व्याज मिळतं आणि ते जुन्या तारखेपासून मोजलं जातं. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी तुम्ही राहता तिथे अर्ज करता येतो. ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर ‘काही येणं बाकी नाही’ म्हणून सही केली असेल, तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क असा सोडून देता येत नाही, तसा करार कायद्याने रद्दच ठरतो. दावा लावायची दोन वर्षांची मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर तो मंजूर होतो.

माझं गाडं अडलं ते तारखेवर. अर्जात अपघात कोणत्या दिवशी, कुठे, कसा झाला हे लिहावं लागतं. जुन्या कंपनीत मी ५० किलोच्या गोण्या रॅकवर चढवायचो. कंबर काही एका दिवसात गेली नाही. दुखायची, बाम चोळायचा, पट्टा आवळायचा, कामावर जायचं. सुट्टी टाकली तीही ‘घरगुती काम’ म्हणून. वकीलसाहेब पेन हातात धरून विचारायचे, ‘अहो, एक दिवस सांगा ना,’ आणि मला तो सांगता येईना. सिलिकोसिस किंवा कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार असता, तर तारखेची गरज नव्हती; तिथे सगळ्या मालकांना हिशेबात धरून भरपाईचा निवाडा करणारे आयुक्त जबाबदारी वाटून देतात. कमरेला ती सोय नाही. तिला अपघात लागतो आणि अपघाताला दिवस लागतो.

नव्या कंपनीत डाय (साचा) उचलताना कळ आली तेव्हा सुपरवायझरने बाहेर सोडायला गेट पास फाडला. कारणाच्या रकान्यात ‘कंबर लचकली’, वेळ ३:४०, खाली सही. गुलाबी कार्बन कॉपी माझ्या खिशात राहिली. दवाखान्याचा केसपेपर त्याच संध्याकाळचा. माझ्या मते एवढ्यावरच पारडं झुकलं.

नव्या दाव्याची दुखरी बाजूही सांगतो. त्याच केसपेपरवर डॉक्टरांनी ‘पूर्वीपासून कंबरदुखी’ अशी ओळ लिहिली होती. मालकाच्या विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत तीच ओळ धरून ठेवली. पण आजार आधीचा असला तरी कामाच्या ताणाने तो बळावला असं दाखवता आलं तर मालकाची जबाबदारी येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच पोर्ट ट्रस्टच्या एका कामगाराच्या हृदयविकाराच्या प्रकरणात मानलं आहे. आमच्या वकिलांनी तोच निकाल पुढे केला. म्हणून डॉक्टरांना इतिहास सांगताना जुनं दुखणं लपवू नका. फक्त ‘आज अमुक उचलताना वाढलं’ हेही लिहून घ्या.

टक्क्यांचा घोळ दोन्हीकडे सारखाच. अपंगत्वाचा दाखला वेगळा आणि कमाईची क्षमता किती घटली हे वेगळं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात गमावलेल्या सुताराला पूर्ण अपंग धरलं, कारण त्याला सुतारकाम करता येणार नव्हतं. तेव्हा डॉक्टरांकडून तुमच्या कामाच्या हिशेबाने मत घ्या.

पैशाचं म्हणाल तर वय ४०, क्षमता २० टक्के घटली, पगार १५,००० च्या वर (हिशेबात १५,००० च धरतात), तर ९,००० (पगाराचे ६० टक्के) गुणिले १८४.१७ (वयानुसार ठरलेला गुणक), त्याचे २० टक्के: ३,३१,५०६ रुपये. अपघात ३ जानेवारी २०२० च्या आधीचा असेल तर पगाराची मर्यादा ८,००० धरली जाते आणि रक्कम जवळपास निम्म्यावर येते. माझा गोण्यांचा काळ त्याआधीचा होता, त्यामुळे व्याजाचं आमिषही फिकं पडलं.

चालू कंपनीत वातावरण तापतं, हे खरं. मला काही महिने कुणी चहाला विचारलं नाही. पण पैसे बहुतेक वेळा मालकाची विमा कंपनी भरते हे एचआरला कळलं की जरा निवळतं. माझा आकडा अपेक्षेपेक्षा कमी ठरला, पण दावा टिकला.

जुन्या कंपनीत पडल्याची, दवाखान्यात नेल्याची नोंद असेल आणि नवीकडे नुसतं दुखणं वाढलं असेल, तर उलटं करा. दोन्हीकडे थोडं थोडं असेल तर दोघांनाही सामनेवाले करता येईल का, हे वकिलाला विचारा; मात्र तारखा लांबतात, कारण एकाचं म्हणणं आलं की दुसरा मुदत मागतो.