डॉर्टमुंडचं स्टेडियम: मॅच बघायची तर साउथ स्टँडमधूनच

युरोपात फुटबॉल बघायला जाणाऱ्यांनी इंग्लंडच्या महागड्या तिकिटांमागे धावण्याआधी एकदा जर्मनीतल्या डॉर्टमुंडला जा असं मी मनापासून सांगेन. स्टेडियममध्ये ८१ हजारांवर लोक मावतात आणि त्यातले जवळपास २५ हजार एकट्या साउथ स्टँडमध्ये, तेही सगळे उभे! म्हणजे बुंडेसलीगाच्या (जर्मनीची मुख्य लीग) मॅचला तिथे खुर्च्याच नसतात. पिवळ्या-काळ्या स्कार्फची ती भिंत आणि खाली माइक घेऊन घोषणा देणारा माणूस, ९० मिनिटं आवाज थांबत नाही, अंगावर काटा येतो राव.

उभ्याचं तिकीट वीस युरोच्या आसपास, म्हणून कॉलेजची पोरं आणि सत्तरीतले आजोबा एकाच पायरीवर दिसतात. हे आपोआप झालेलं नाही. जर्मनीत ५०+१ नियम आहे, क्लबची बहुसंख्य मतं सभासदांकडेच, म्हणजे फॅन्सकडेच राहतात, त्यामुळे कोणी शेठ येऊन वाटेल तसे भाव वाढवू शकत नाही. २०२४ मध्ये लीग बाहेरचा गुंतवणूकदार आणायला निघाली तेव्हा फॅन्सनी मैदानात टेनिस बॉल फेकून फेकून मॅचेस थांबवल्या आणि शेवटी तो बेत रद्द झाला, हे मला फार भारी वाटतं.

तक्रार एकच, एका मॅचचं सुटं तिकीट मिळणं महाकठीण, बहुतेक सीझन तिकीटवालेच असतात. लहान मुलं सोबत असतील तर बसायचं तिकीट घ्या, उभ्याच्या गर्दीत त्यांना काही दिसणार नाही. बाकी पाचपैकी पाच.