अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि लो-फॉडमॅप आहार : खान्देशी स्वयंपाकघरातला काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका. पोट टम्म फुगणं, दिवसभरची गुडगुड, जेवण झाल्या झाल्या संडासकडे धावणं, या तक्रारींवर हा आहार मला चांगलाच लागू पडला. आतड्याच्या सुजेवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. सुजेवरची मेसालामाइनची गोळी आधी चालू होती, आजही चालू आहे.

मला मोठ्या आतड्याच्या अस्तराची सूज आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. औषधांनी रक्त पडायचं थांबलं, शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याच्या सुजेची खूण, खाली आलं, रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. पोट मात्र खूश नव्हतं. सूज शांत झाली तरी अशी आतडी हळवी राहतात, साध्या गॅसचा ताणही त्यांना सहन होत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथून हे सुरू झालं.

फॉडमॅप म्हणजे अन्नातल्या काही आखूड साखळीच्या साखरा. त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा गॅस करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने या आहाराची पद्धत बसवली. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन, डाळींत गॅलॅक्टन, दुधात लॅक्टोज, आंब्यात जादा फ्रुक्टोज. बाईंनी ही यादी दिली तेव्हा वाटलं, आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) ताट समोर ठेवूनच कुणीतरी लिहून काढली असावी. खापरावरची पुरणपोळी, आमरस, वर दूध. एकही गट सुटत नाही!

गहू बंद करण्याआधी बाईंनी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्यायला लावली, ते फार बरं झालं. गहू खाणं चालू असतानाच ती तपासणी भरवशाची असते. आधी सोडून बसलं तर रिपोर्ट खोटा निर्धास्त करू शकतो. इथे शेजारपाजारी ‘गहू सोड, बरी होशील’ सांगणारे पुष्कळ, त्यांच्यापैकी कुणी हे सांगत नाही.

आता स्वयंपाकघर. गव्हाची चिंता खान्देशात फारशी करायचं कारण नाही, कारण दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, फ्रुक्टनही त्रास देण्याइतकं नाही. सकाळ-संध्याकाळ दादरची भाकरी, मधूनच भात. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली महागडी पाकिटं मी आणलीच नाहीत. त्यांतल्या काहींत चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन घातलेलं असतं, म्हणजे पुन्हा फ्रुक्टनच. कळण्याच्या पिठात उडीद असतो म्हणून ती भाकरी सुरुवातीला बंद होती, तेवढी मात्र जिवावर आली.

खरी परीक्षा लसणाची. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसूण तांबूस परतायचा, पाकळ्या सगळ्या काढून टाकायच्या आणि मगच त्या तेलात जिरं-मोहरी, भाजी घालायची. वास घरभर सुटतो, चव येते, पोट गप्प. रश्श्यात लसूण उकळून मग वेचून काढला तर उपयोग नाही, तो आपलं काम करून गेलेला असतो. हे तेल मी रोजच्या रोज करते. घरी केलेलं लसणाचं तेल बाहेर ठेवणं एरवीही धोक्याचं, त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो.

भरीत वाचलं, हा मोठा दिलासा. वांगं चालतं, शेंगदाणे, हिरवी मिरची, कोथिंबीर चालते, कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या वांग्यांतला माझा वाटा ठेचायच्या आधीच वेगळा काढायचा. एकदा बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, लसूण पडला की विषय संपला. शेवभाजीला मात्र काही तोड निघाली नाही. शेव बेसनाची, वाटण कांद्याचं, वर लसूण. यातलं सगळं काढल्यावर जे उरतं त्याला शेवभाजी म्हणवत नाही. मी नाद सोडला. विकतच्या काळ्या मसाल्याचं पाकीट उलटून वाचा, कांदा-लसणाची पूड निघते. लसूण घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, हेही त्याच वर्गातले. हिंगाने थोडी भरपाई होते, पण बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. चिमूटभराने मला फरक पडला नाही, सिलिअ‍ॅक असलेल्याने मात्र डबी वाचूनच घ्यावी.

केळीच्या जिल्ह्यात राहून केळं बंद करायचं की काय, अशी धास्ती होती. करकरीत, जरा कच्चं केळं चालतं. पिकून ठिपके आले की फ्रुक्टन वाढतं. कच्च्या केळ्याची भाजी आणि वेफर्स यांवर माझी दुपारची भूक भागते.

घरच्यांचं सांगायचं तर पहिले काही आठवडे कठीण गेले. सासूबाई रोज विचारायच्या, “मंग तुले चालस तरी काय?” कांदा-लसूण नको म्हटल्यावर पाहुण्यांना वाटे, चातुर्मास धरलाय. मीही नंतर तसंच सांगू लागले, लग्नाच्या पंगतीत आतड्याचा इतिहास कोण सांगत बसेल? दोन फोडण्यांचं ओझं मात्र खरं आहे. माझ्या जेठाणींनी ते निम्मं उचललं म्हणून निभावलं. जिच्या घरी एकटीच चुलीपाशी उभी असते तिने हे सणासुदीला आणि लग्नसराईला सुरू करू नये.

ही बंदी कायमची नसते, आणि याच ठिकाणी बहुतेक जण अडकतात. दोन ते सहा आठवडे कडक पाळायचं, मग एकेक गट थोड्या प्रमाणात परत आणून बघायचा. बरं वाटतंय म्हणून लोक पहिल्याच टप्प्यात महिनोन्‌महिने राहतात. लंडनमध्ये आजार शांत असलेल्या ५२ रुग्णांवर चार आठवड्यांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाला आराम पडला, सुजेच्या खुणा बदलल्या नाहीत आणि आतड्यातले काही उपयोगी जिवाणू मात्र घटले. माझं कॅलप्रोटेक्टिनही आहाराआधी होतं तिथेच नंतर राहिलं. शिवाय वजन उतरतं, कॅल्शियम कमी पडतं. आधीच अशक्त असलेल्याला हे परवडणारं नाही.

परत आणताना मला कळलं ते असं. दूध अजिबात नाही, दही आणि ताक चालतं, तुपाला कधीच अडचण नव्हती. एखादी पोळी चालते, पोट भरून पोळ्या नाही. कांदा कच्चा असो वा शिजलेला, संध्याकाळपर्यंत पोट दगड. लसूण मात्र थोडा सोसतो, हे अनपेक्षित होतं. मूगडाळ भिजवून, पाणी फेकून शिजवली की निभते. कळण्याची भाकरी परत आली, आणि त्या दिवशी मी ठेच्यासोबत ती दोनदा जेवले.

रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन यांपैकी काही असेल तर या आहाराच्या वाटेला जाऊ नका, आधी डॉक्टर गाठा. आणि ‘दोनशे पदार्थांची इंटॉलरन्स टेस्ट’ म्हणून आयजीजी या प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) जी महागडी रक्ततपासणी विकतात तिच्यावर पैसे घालवू नका. तुम्ही काय खात आलात एवढंच ती सांगते, काय सोसत नाही ते नाही.

हरभरा आणि तुरीची चाचणी अजून बाकी आहे. पुढचा रिपोर्ट नीट आला की आधी तूर, पातळ वरणापासून.