ॲक्रोपोलिसच्या तिकिटाच्या नावाखाली विकलेलं ऑडिओ गाईड

अथेन्सला जाणार असाल तर ॲक्रोपोलिसचं, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन अवशेषांचं, तिकीट काढण्याआधी हे वाचा. गूगलवर शोधलं की वरच जाहिरातीतली संकेतस्थळं दिसतात. नावात ‘ॲक्रोपोलिस’ही आणि ‘तिकीट’ही, तिथल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे झकास फोटो, खाली ‘रांगेशिवाय प्रवेश’. अशाच एका ठिकाणी आम्ही माणशी 48 युरो भरले. लगेच ईमेल आला, क्यूआर कोडसकट.

गेटवर कोड स्कॅन झाला आणि लाल दिवा लागला. परत केला, परत लाल. तिथल्या बाईंनी ईमेल वाचून सांगितलं, हा ऑडिओ गाईडचं ॲप उतरवून घ्यायचा कोड आहे, आत जायचं तिकीट नाही. असे लोक रोज येतात म्हणे! नंतर पाहिलं, तर अटींच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: ‘प्रवेश तिकीट ऐच्छिक’. पैसे भरायच्या पानावर मात्र त्याचा मागमूसही नव्हता.

खरं तिकीट एप्रिल 2025 पासून 30 युरो आहे आणि त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते. दिवसाला 20 हजार माणसांचीच मर्यादा असल्याने ऐनवेळी हवी ती वेळ मिळेल याचा भरवसा नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशीची मिळाली, अर्थात पुन्हा पैसे मोजून.

पूर्वी ॲक्रोपोलिस, प्राचीन अगोरा, केरामाइकोस वगैरे सात ठिकाणांचं एकत्रित तिकीट असायचं. सरकारने तेही एप्रिल 2025 मध्ये बंद केलं. त्यामुळे कोणी ‘सरकारी कॉम्बो’ म्हणून गळ्यात मारायला लागलं तर सरळ पुढे चला. ॲक्रोपोलिस म्युझियमचं तिकीट तर आधीपासूनच वेगळं.

त्या दिवशी मग म्युझियमच पाहिलं. सगळ्यात वरच्या काचेच्या दालनात पार्थेनॉनची शिल्पपट्टी मांडली आहे: मूळ संगमरवर पिवळसर आणि मधेमधे पांढऱ्याफटक प्लास्टरच्या प्रती. त्यांचे बहुतेक मूळ तुकडे लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने नेले, ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. स्वतःकडे तेव्हाच्या ऑटोमन तुर्की राज्यकर्त्यांचा परवाना होता, असं तो सांगायचा. ‘म्हणजे कागद त्याच्याकडेही होताच,’ आई म्हणाली.

कंपनीचं उत्तर आलं: ऑडिओ गाईड पोचलं, परतावा नाही. बँकेकडे कार्डाची तक्रार केली आहे. त्यांनी पहिल्यांदा मागितला तो पैसे भरायच्या पानाचा स्क्रीनशॉट, तेव्हा तो आधीच काढून ठेवा. सरकारी तिकीट मिळतं ते hhticket.gr इथे.